भोगम कास्टिंग, उद्यमनगर

तातोबांच्या कानाला फोन नीट बसत नाही.
दोन्ही पाळ्या मोडून, सुजून,
वाळल्या अंजिरासारख्या राहिलेल्या.
म्हणून रिसीव्हर ते वीतभर लांब धरतात
आणि पुण्याच्या पार्टीच्या शिव्या
सगळ्या ऑफिसला ऐकू येतात.

मी इथे तेवीस वर्षं खतावणी लिहितो.
जन्मात लंगोट लावलेला नाही.
दर दिवाळीला बोनस देताना ते माझं वजन विचारतात,
उत्तर ऐकून पाकिटात आणखी शंभर घालतात.
"दूध प्या जरा, हेर्लेकर."

त्यांची कुस्ती मी पाहिली नाही, ऐकली आहे.
हलगी कडाडत होती, ऊन कलत होतं,
पन्नास मिनिटं जोड सुटेना,
आणि एकलंगी भरताना उजवा गुडघा
ओल्या फांदीसारखा, आवाज न करता, मोडला.
समोरच्यानं ते ओळखलं. धरलेला डाव सोडून दिला.
पंचांनी बरोबरीत सोडवली.
त्याचं पोरगं आज आपल्याच पॅटर्न शॉपमध्ये आहे.
पण हे सांगून झालं की तातोबा दरवेळी म्हणतात,
"पाडायला पायजे हुतं त्यानं मला.
बरोबरी लय जाळती."

मग दोन वर्षं गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
दुसऱ्यांच्या म्हशी धरल्या.
मग चांदीची गदा गुजरीत गहाण,
एक भट्टी, सहा पेट्या, भाड्याची शेड.
बँकेच्या अर्जात शिक्षण: सातवी.
अनुभवाच्या रकान्यात: अठरा वर्षं मातीत.
साहेब समजले, फाउंड्रीच्या मातीत,
आणि शिक्का मारला.
तो अर्ज माझ्या फायलीत आहे. मी काही खोडलेलं नाही.

पहिला माल गुऱ्हाळाच्या चरकाचा.
अकरा रोल ओतले, नऊ फुटले.
पोटात हवा, लोखंडाला भोकं, मधाच्या पोळ्यागत.
त्या रात्री हुसेन वस्ताद काठी टेकत आले,
तालमीत शिरावं तशी चप्पल दारात काढली,
ढिगातली काळी वाळू मूठभर उचलली,
आवळली, उघडली, तळवा दिव्याला धरला.
तळवा ओला.
"आखाड्यात ताक मोजून घालतोस,
आन् हितं घागर उपडी केलीस व्हय रं?"
चहा न घेता गेले.

गदा सोडवायला गेलो तेव्हा मी सोबत होतो.
सराफ वारलेला. मुलानं वही काढली,
मुदत संपून चार वर्षं,
गदेचे पैंजण होऊन विकलेसुद्धा गेले होते.
मला वाटलं, आता दुकान उलथं पडतंय.
तातोबा मखमलीवर पंजा ठेवून उभे राहिले.
"किती जोड झाले?"
"बावीस, काका."
"बरं. म्हंजे कुठंतरी वाजत असंल."
रिक्षात उद्यमनगर येईस्तोवर
गुडघा चोळत होते. डावा.
दुखतो तो उजवा.

आता धाकट्यानं जर्मन यंत्र आणलंय,
वाळूचा ओलावा टक्क्यांत सांगतं.
पहाटे पाचला, मोल्डर यायच्या आत,
तातोबा ढिगाशी जाऊन मूठ आवळतात.
यंत्र म्हणतं, तीन पूर्णांक चार.
तातोबा म्हणतात, "आज जरा रुसलीया."
दोघांचंही बरोबर निघतं. कधी दोघांचंही चुकतं.

आज विजेचं बिल भरायची शेवटची तारीख.
पुण्याचा चेक नाही, पुण्याचा फोन मात्र आला.
वीतभर लांब धरून, शिव्या संपेपर्यंत थांबून,
हे शांतपणे म्हणाले,
"साहेब, कोल्हापूरला या. जेवायला या.
मग बोलू."
फोन ठेवला. दुसरी मूठ अजून मिटलेलीच होती,
ती विसरून माझ्या टेबलावर उघडली.

मी फुंकर मारली. बरीचशी उडाली.
उरलेली नावे बाजूला, पुण्याच्या आकड्यावर बसली आहे.
पुसायला गेलं की काळं पसरतं.