वाराचा कोपरा

ऐरोली, सेक्टर चार. रविवारची वंदना आटोपली
आणि सतरंजीची घडी घालता घालता
इंगळेबाईंनी विचारलं, मग, रंगूनला काय काय पाहिलंत?

मी म्हटलं, इमारती.
त्यांना सोनं ऐकायचं होतं.

लाल विटांचं कोर्ट, मनोऱ्यावर घड्याळ.
साहेब लोकांनी जाताना गाद्या-गिरद्या नेल्या असतील,
खांब कसे नेणार?
खांब राहिले. खांबांच्या डोक्यावर पारवे,
गॅलरीच्या भेगेतून पिंपळ, मनगटाएवढा जाड,
आणि चौथ्या मजल्यावरून रस्त्यापर्यंत लोंबणारी दोरी,
टोकाला चिमटा.
पोरगा चिमट्यात पेपर अडकवतो, दोरीला हिसका देतो,
वर घंटी वाजते,
मग एक म्हातारी तो पेपर ओढून घेते, पाणी शेंदावं तसा.
मी बघत राहिले.
पगारे सर ओरडले, बाई, बस सुटेल.

आमचं शहर माझ्याहून लहान.
मी पाटी-पेन्सिल धरली तेव्हा इथं
मिठागरं आणि कोळ्यांच्या होड्या, एवढंच होतं म्हणे.
इथं जुनं म्हणजे आमची सिडकोची बिल्डिंग,
जिचा गिलावा माझ्या रिटायरमेंटआधीच पडला.

आणि सोनं?
होतं की. डोळे मिटले तरी दिसेल एवढं.
श्वेडगॉनच्या पायऱ्या अनवाणी चढलो,
वरची फरशी तव्यासारखी,
आणि स्तुपाभोवती आठ कोपरे, प्रत्येक वाराचा एक
(बुधवारचे दोन, सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा).
ठिरी, आमची गाईड, गालांवर पिवळा लेप लावलेली पोरगी,
म्हणाली, तुमच्या वाराच्या बुद्धाला पाणी घाला,
वय असेल तेवढे पेले, वर एक.
तुमचा वार कुठला?

एकतीस वर्षं वाशीच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात,
मी लोकांचे वार लिहिले.
मंगळवार, पहाटे चार सतरा, मुलगी, दोन किलो आठशे.
मिनिट चुकू दिलं नाही.
माझी तारीख मात्र गुरुजींनी लिहिली, एक जून,
वर्गातल्या निम्म्या पोरांसारखी.

ठिरीनं मोबाईलवर एक जून एकसष्ट टाकलं.
गुरुवार. पश्चिमेला. तुमचा प्राणी उंदीर.
मला हसू आलं. कोपऱ्यातला उंदीर बिचारा
माझ्यासारखाच, कुणीतरी नेमून दिलेला.

इंगळेबाईंचा हात घडीवरच थांबला.
बुद्धाभोवती ग्रह? आणि तुम्ही पाणी घातलंत?
बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या तुम्ही?

काय सांगू.
मी ग्रहांकडे पाहिलंच नाही हो.
हातभर मूर्ती, न्हाऊन न्हाऊन गुळगुळीत झालेली,
पहिल्या पेल्याला माझा डावा हात आपोआप
तिच्या मानेमागे गेला,
जसा एकतीस वर्षं जात होता.
त्रेसष्ट पेले. मागे रांग वाढली, कुणी रागावलं नाही.
वरचा एक कशासाठी, ते विचारायचं राहिलं.

परत आल्यावर वाशिमला फोन लावला.
काकू नव्वदीची, कानानं मंद.
मी कोन्या वारी झाले?
बाजाराच्या दिवशी, ती म्हणाली, तुहा बाप मीठ आणाले गेल्ता.
म्हणजे शनिवारी?
नाही वं. त्या वक्ती नाल्याले पूर होता,
बाजार पुढे ढकलला.
किती पुढे?
आता मले काय ठाव. मीठ मातर आलं होतं.

काल सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी म्हात्रेंचा मेसेज:
सी विंगच्या ड्रेनेज पाइपात पिंपळ उगवला आहे,
भिंत फुटायच्या आत काढावा लागेल,
प्लंबर गुरुवारी येईल.

मी खिडकीतून वाकून पाहिलं.
सहा पानं. सातवं लालसर, अजून मिटलेलं.

लिहिलं, गुरुवार नको.
का हो बाई, त्यांनी विचारलं.
अजून उत्तर दिलेलं नाही.