काचेपाशी थांबणारे पाय

आमच्या फ्रीसलंडमध्ये या दुखण्याला
बाजारातलंच नाव आहे:
काचेपाशी थांबणारे पाय.

म्हणजे असं, की तुम्ही घरून निघता.
कालव्याच्या कडेचा रस्ता, चढ औषधालाही नाही,
आणि दीडशे पावलांवर उजवी पोटरी
कुणीतरी ओल्या पंचासारखी पिळू लागतं.
भर रस्त्यात खांबासारखं उभं कसं राहायचं?
म्हणून तुम्ही काच शोधता.

पहिली काच पावाची.
दुसरी श्रवणयंत्रांची.
(मला नीट ऐकू येतं, तरी सगळे भाव पाठ झाले.)
तिसरी तित्स्केच्या घड्याळांची.
तिथे एका सेकंदकाट्यावर डोळा ठेवायचा.
तीन फेऱ्या झाल्या की पोटरी सुटते.

अडतीस वर्षं मी पाण्याचा दरवाजा राखला.
गळाच्या काठीला लाकडी जोडा टांगून
नावाड्यांकडून टोल घेतला.
पाणी कुठे अडतं, हे मला कुणी शिकवायला नको.
तरी फ्राउक्ये नावाच्या नर्सनं
घोट्याला गार चिकट काही लावलं,
पेन्सिलीएवढं यंत्र टेकवलं.
डाव्या पायात घोडा दौडत होता.
उजव्यात, लांब कुठेतरी,
म्हातारं कुत्रं पाणी पीत होतं.
दंडावर एकशे चाळीस, घोट्यावर चौऱ्याऐंशी.

गाळ? मी विचारलं.
गाळच, ती म्हणाली. चरबीचा, चुन्याचा,
आणि बराचसा तुमच्या तंबाखूचा.
मग उपसा की!
वेळ आली तर फुगा घालू, जाळी बसवू.
आधी चाला.
अहो, चालल्यावरच तर दुखतं.
दुखेपर्यंत चाला. थांबा. पुन्हा चाला.
मोठा कालवा तुंबला की पाणी काय करतं, सांगा?

मी सांगितलं नाही.
पण डोळ्यांपुढे आले कुरणांतले चर,
बोटभर रुंदीचे, एरवी कोरडे,
जे अशा वेळी हळूहळू
पाण्याला वाट द्यायला शिकतात.

तंबाखू सोडली. लिहायला एक ओळ पुरते;
सोडायला नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला,
आणि बायकोची निळी बरणी गेली, भिंतीवर.
सकाळी एक गोळी, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून,
रात्री एक चरबीसाठी.
झोपताना आरसा धरून तळवा बघायचा,
जखम नाही ना, रंग बदलला नाही ना;
इतक्या प्रेमानं मी तोंडही कधी बघितलं नव्हतं.

थांबला तो संपला, असं ज्यानं म्हटलं
त्याची पोटरी कधी पेटली नसणार.
मी थांबलो. निघालो. थांबलो.
दिवसातून अर्धा तास,
पावसात, वाऱ्यात,
एकदा तर गारांत, श्रवणयंत्रांच्या छपराखाली.

मार्चमध्ये एकदा पुलावर पोचलो
तेव्हा लक्षात आलं: तिन्ही काचा मागे राहिल्या.
पाय दुखत होता, पण आत्ता कुठे, पुलावर.

परतताना तित्स्के दारात उभी.
"तीन आठवडे दिसला नाहीत. मला वाटलं..."
पुढचं तिनं गिळलं,
आणि आतून एक घड्याळ आणलं.
"तुम्ही रोज बघायचात ना, बाजूला ठेवलंय.
स्वस्तात देते."

मी ओळखलंच नाही.
त्याची तबकडी हिरवी होती, कडेला जहाजं होती;
मी फक्त काटा बघितला होता.

"स्वस्तात का?"
"मागे पडतं," ती म्हणाली,
"तासाला दहा मिनिटं."

म्हणजे माझ्या तीन फेऱ्या
तीन मिनिटांच्या नव्हत्याच.
दुखणं मी मोजलं त्याहून
थोडं लांबच होतं.