छेदस्थानी सव्वीस

मुलाखत सोमवारी, साडेदहाला, महापेच्या काचेच्या इमारतीत.
आज शुक्रवार. गोठिवलीत, आमच्या दुसऱ्या मजल्यावर
कांचनआत्या सुपात जवळा निवडते आहे
आणि माझी वही तिच्या गुडघ्याशी उघडी.
प्रश्न मी तिला मराठीत लिहून दिलेत.
चष्मा वर ढकलून ती साहेब होते :
"स्वतःबद्दल सांगा."
मी नमिता मढवी. एमबीए, मनुष्यबळ.
दोन वर्षं रबाळ्याच्या एका छोट्या ऑफिसात पगारपत्रकं...
"लय हळू बोलतेस गो. साहेब झोपंल."

ग्रॅच्युइटी कोणाला?
सलग पाच वर्षं सेवा झालेल्याला.
हिशोब?
शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता,
गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं.
शेवटचं वर्ष सहा महिन्यांपुढे गेलं असेल तर पूर्ण धरायचं.

"सव्वीस कशाला? महिना तर तीसचा."

हे वहीत नव्हतं.
चार रविवार वगळतात, आत्या. छेदात फक्त कामाचे दिवस.
ती जवळ्यातून एक शिंपल्याची कपची काढते,
खिडकीत ठेवते.
"आमी रविवारीबी जायचो."

बाळंतपणाची रजा?
पुन्हा सव्वीसच, पण आठवडे. भरपगारी.
आधीच्या वर्षात ऐंशी दिवस काम झालेलं हवं.
"मंदारच्या टायमाला मना बारा दिवस भेटले,"
ती म्हणते, आणि पान उलटते,
जणू तोही एक छापील प्रश्न होता.

पावण्याच्या कंपनीत ती सतरा वर्षं
खोकल्याच्या बाटल्यांना झाकणं लावत होती.
दर अकराव्या महिन्यात गेटवर कार्ड काढून घ्यायचे,
दहा दिवस घरी, मग नवं कार्ड, नवा नंबर,
कधी कधी ठेकेदारसुद्धा नवा.
मी शाळेत होते. मला वाटायचं, आत्याला सुट्टी लागली.
ती मला खाडीवर न्यायची, कालवं फोडायला.
मी त्या दहा दिवसांची वाट बघायचे.
हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

"सलग म्हंजे काय, ते सांग."
आजारपण, रजा, अपघात, कायदेशीर संप
यांनी सेवा तुटत नाही. मी घडाघडा म्हणते.
मुद्दाम पाडलेला खंडही कोर्टात टिकेलच असं नाही,
पुरावा असेल तर.
"कागुद?"
हो. कागद.

ती हात धुते. कपाटावरून बिस्किटांचा डबा काढते.
शेवटी शेवटी ती जुनं कार्ड हरवलं म्हणून सांगायची,
पन्नास रुपये दंड भरायची, कार्ड ठेवून घ्यायची.
सहा आहेत. लादीवर मी ती तारखेनं लावते.
एकावर कांचन मढवी, एकावर कांचनबाई,
एकावर चुकून म्हात्रे.
फोटोत भांग रुंद होत गेलाय.
दोन कार्डांच्या मधे मी बोट ठेवते. तिथे लादी गार आहे.

आणि मग ती वहीत नसलेला विचारते :
"समज, तू लागलीस.
एक बाई चार वर्षं नऊ महिन्यांची झाली.
साहेब बोलला, हिचा कागुद बनव.
तू काय करशील?"

मी आधी कंपनीचं धोरण तपासेन,
मग संबंधित व्यवस्थापकांशी चर्चा करून...

"पाठ केलंस," ती म्हणते.
रागानं नाही. दाणे मोजावे तशी.

रात्री वही चाळली.
प्रत्येक उत्तरापुढे तिची पेन्सिलीची बरोबरची खूण,
जवळ्याच्या बोटांचा वास.
शेवटच्या पानावर आकड्यांत तिनं स्वतःच लिहिलंय : ४ वर्ष ९ महिने.
पुढे खूण नाही. फुलीही नाही.
शर्टाला इस्त्री करायची राहिली आहे.