मॅसी, डी.

केवळाबाई, राहणार कंधार, सत्तरी पार.
टेबलावर तिनं पदराची गाठ सोडली.
आत मनिऑर्डरची पावती,
घड्यांवर फाटलेली, शाई नावापुरती.
"भाऊ माझा. समिंदरावर गेल्ता, लढाईत."

कंधारात समुद्र एकच, गावाजवळचा जगत्तुंग.
कुण्या राजानं बांध घालून अडवलेलं पाणी,
भोयांची पोरं चालायच्या आधी त्यात पडतात.
मी म्हटलं, "कोणता समिंदर, बाई?"
ती हसली नाही.

धुराजी मसाजी. बोटीवर कोळसा टाकायचा.
चार वेळा त्याचे कलदार आले.
तहसिलीतला मुन्शी बट्टा कापून हाली मोजायचा.
पाचव्या महिन्यात मुन्शीनं नुसती मान हलवली.
पुढं रझाकार आले, मग पलटण आली,
मुन्शी कुठं गेला तेही कुणाला ठाऊक नाही.

मी तोफखान्यातला. हवालदार म्हणून सुटलो
आणि सैनिक कल्याणच्या या खुर्चीत बसलो.
'ध'मध्ये पाहिलं, 'द'मध्ये पाहिलं,
भोई म्हणून, कंधारकर म्हणून.
मुंबईला लिहिलं, दिल्लीला लिहिलं:
सदर नावाची नोंद आढळून येत नाही.
सात पत्रं.
सात वेळा न आढळलेला माणूस
माझ्या कपाटात बोटभर जाड झाला.

मग एका दुपारी, वीज गेलेली,
जालन्याच्या मिशनमधल्या एका घरासाठी
ख्रिस्ती खलाशांची यादी खिडकीशी धरून वाचत होतो.
मॅसी, डी.
स्टोकर, दुसरा दर्जा.
कंधार, निजामाचं राज्य.

कुण्या कारकुनानं मसाजी ऐकलं
आणि त्याच्या कानाला येत होतं ते लिहिलं.
बापाचं नाव असं आडनाव झालं,
आणि कुठल्याशा चर्चमध्ये इतकी वर्षं
भोयाच्या पोरासाठी मेणबत्ती लागत असेल.
लागू दे.

सोबत अर्ध्या पानाचा अहवाल.
बॉयलरच्या खोलीत पाणी शिरलं. मॅसी वर आला होता.
वाफ सोडायची राहिली म्हणून पुन्हा खाली उतरला.
एकेचाळीस जण होडीपर्यंत पोचले.
त्यांतले दोघं सांगतात, नंतर तो पाण्यात दिसला.
तिसरा सांगतो, नाही.
पदक मंजूर. पदक परत. शेरा: पत्ता अपुरा.

बेपत्ता, तेवीस मार्च त्रेचाळीस.
मृत समजावे, पंचवीस मार्च.

मी तिला पदकाचं समजावू लागलो:
प्रतिज्ञापत्र लागेल, की मॅसी म्हणजेच मसाजी,
दोन साक्षीदार लागतील
(त्याला ओळखणारे दोघं, आता, कुठून?)
ती म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ द्या. तिथी सांगा.
सर्वपित्रीला वाढते मी त्याला, सगळ्यांच्या पंगतीत.
ज्याची तिथी ठावं न्हाई त्याला तितंच बसवत्यात."

गुरुजींकडून जुनं पंचांग आणवलं.
तेवीस तारीख, फाल्गुन वद्य द्वितीया.
पंचवीस, चतुर्थी.
"मंग नेमकी कोंची धरू?"
"सरकार पंचवीस धरतं."

ती बराच वेळ बोटं मोजत बसली.
"दुजेला त्यो जित्ता हाय," म्हणाली,
"दुजेला कसं वाढावं?"
"आणि तिजेला?"
"तिजेला पवत असंल.
जगत्तुंग आडवा काटायचा, मधी दम न घेता."
चौथं बोट तिनं मोजलं नाही.
मूठ मिटली, आणि ती मूठ पावतीवर ठेवली.

फाईलवर 'निकाली' लिहायला मी पेन उघडलं.
"सायेब," ती दारातून वळली,
"समिंदराचं पाणी खारट असतंय म्हणत्यात.
डोळ्यात गेल्यावर दिसतंय का पुढचं?"

माझी सगळी नोकरी डोंगरात गेली.
म्हटलं, "बाई, मी समुद्र पाहिलेला नाही."
"मी बी न्हाई," ती म्हणाली,
आणि चपला हातात घेऊन
कंधारच्या एस.टी.साठी उन्हात निघाली.