शपथपत्र, दोन प्रतींत

दुमागेतेच्या कोर्टासमोर बदामाच्या झाडाखाली
माझं टेबल. कार्बन, गोंद,
दगडाखाली दाबलेले कोरे कागद.
टाइपरायटरचं शून्य मोडलंय, म्हणून मी ओ ठोकते,
आणि माझ्या हाताखालून गेलेली सारी सालं
तोंड उघडं टाकून बसलीत.

सिकिहोरहून पहिल्या बोटीनं ती आली.
लिओनिला. वय एकोणपन्नास. धंदा, सुकी मासळी.
पिशवीत दोन कागद, प्लॅस्टिकमध्ये,
इस्त्री केल्यासारखे.

एक लग्नाचा.
देमेत्रियो, जहाजावरचा आचारी.
आधी पैसे यायचे नि पत्र, मग नुसते पैसे,
मग नाताळात एक फोन,
मग कुणीतरी सांगितलं, दावाओत दुसरी चूल आहे,
चार मुलं, मोठा त्याच्यासारखाच डावखुरा.
"मोडून टाका हे," ती म्हणाली,
शेंगेचा देठ मोडावा इतक्या सहज.

मी म्हटलं, बाई, मुसलमान असतीस तर वेगळं.
तुझ्या-माझ्यासाठी इथे काडी मोडता येत नाही.
काडी मुळात नव्हतीच, हे दाखवावं लागतं.
वेदीसमोर उभा होता त्या दिवशीच तो
आतून नवरा व्हायच्या लायकीचा नव्हता,
असं मनाच्या डॉक्टरानं लिहून द्यायचं.
अडीच लाख पेसो. तीन वर्षं. किंवा सात.

ती बराच वेळ गप्प.
"पण त्या दिवशी तो चांगला होता हो.
माझ्या बुटात वाळू गेलेली,
सगळ्यांसमोर खाली बसून झाडली त्यानं.
हे लिहायचं का?"

हे लिहायचं नाही, मी म्हटलं.

दुसरा कागद जन्माचा.
मायलीन. मुलगी. आई, लिओनिला.
बाप, देमेत्रियो, जो ते अख्खं वर्ष
कुठल्यातरी उत्तरेच्या समुद्रात बटाटे सोलत होता.
रकाने पर्पेतुआ सुइणीनं भरले.
सोळा वर्षांची एक पोर पहाटेच्या बोटीनं जाणार होती
आणि बाळाला कुणाच्या तरी नावावर रडायचं होतं.

खोटी नोंद. गुन्हाच तो.
नवा कायदा म्हणतो, खरं सांगा, माफ करतो,
मग रीतसर दत्तक घ्या.
रीतसर म्हणजे जोडप्यानं. दोघांच्या सह्या.

म्हणजे जो नवरा उरला नाही
त्याला शोधत दावाओला जायचं,
त्याच्या बायकोच्या दारात उभं राहायचं,
आणि म्हणायचं, ही सही दे,
जी तुझी नाही, माझ्या पोटचीही नाही,
ती माझ्या हातची व्हायला.

लिओनिलानं दोन्ही कागद उचलून उन्हाकडे धरले,
नोटा तपासतात तसे.
"यातला खोटा कुठला तेवढं सांगा.
तो परत पिशवीत ठेवते."

मला सांगता आलं नाही.

कठड्यावर मुलगी तळलेलं केळं खात होती,
सतरा वर्षांची, बोटं साखरेनं चिकट.
फोनमधून मान न काढता म्हणाली,
"माझी पण सही लागते ना? माझी आधी घ्या."
आणि बोट स्कर्टला पुसलं.

मी कागद चढवला. रकाना सहावा,
मूल कसे, केव्हा ताब्यात आले.
"रात्री," लिओनिला म्हणाली.
"वीज गेली होती. मी मासळी चिरत होते.
हात धुवायला पाणी शोधलं, सापडेना.
तशीच घेतली."
आधी कधी कुणाला सांगितलं नसावं,
कारण मुलीनं फोन उलटा ठेवला.

रकाना दोन ओळींचा. मी समासात गेले,
मासळी, अंधार, न धुतलेले हात,
सगळं ठोकलं. मग साल.
दोन, ओ, ओ, सात.

झाडाचं एक लाल पान यंत्रात पडलं, ते काढलं.
"आणि नवऱ्याचा कागद?" मी विचारलं.
तिनं घड्याळ पाहिलं. शेवटची बोट साडेपाचची.
"तो राहू दे आज."