सूप

वहिनी म्हणाली, सूप पाहिजे.
मायनं खुंटीवरचं बांबूचं सूप काढलं, झटकलं,
हातात दिलं आणि विचारलं,
रात्री नऊ वाजता काय पाखडतं वो?

लिन्थोई तिचं नाव. गल्लीत लीना.
हेमकृष्णदादाची पोस्टिंग इंफाळला होती,
येताना दोन ट्रंका आणल्या आणि ही.
आता चौथा महिना, दादा परत ड्युटीवर.
डोहाळे पुरवायचं काम माझ्याकडे आलं.
पगार: पेट्रोल.

अर्जुनीत चायनीजच्या गाड्या सात.
तहसीलसमोर ‘न्यू ड्रॅगन’, मालक मुरलीधर लंजे.
चायना कुठं आहे विचारलं तर म्हणाला,
गोंदियाच्या पुढं.
त्याचं मंचुरियन इतकं लाल
की वहिनीनं बोट बुडवून भांगाजवळ नेलं
आणि एकटीच हसली.
बसस्टँडवर ‘फाइव्ह स्टार’, खुर्च्या चार.
पोरानं पाण्यात कॉर्नफ्लॉवर ढवळलं,
सॉस टाकला, आमच्याकडं पाहिलं,
आणखी सॉस टाकला.
वहिनी दोन चमचे प्याली. “चांगलं आहे,” म्हणाली.
मराठीत तिनं सगळ्यात आधी हेच शिकलं होतं.

साकोलीला एसी हॉटेल.
मेन्यूत थाई, जपानी, कोरियन,
अख्खा आशिया लॅमिनेशन करून.
वेटर वाकला, हळूच बोलला,
दादा, खरं सांगू? पनीर घ्या.

मग कोणीतरी म्हणालं, गोठणगावच्या कॅम्पात जा.
तिबेटी लोक.
माझे लहानपणचे सगळे स्वेटर त्यांच्या हातून आलेले,
भाव पाडून पाडून घेतलेले.
ते जेवतात काय,
हे मात्र इतक्या हिवाळ्यांत विचारलं नव्हतं.

हॉटेल नव्हतंच ते. यांगझोमबाईंचं घर,
ओसरीवर एक बाक,
रंगीत झेंड्यांची दोरी मोहाच्या झाडाला.
थुक्पा आला. वाफ वहिनीच्या चष्म्यावर बसली.
वाटी संपेपर्यंत तिनं चष्मा पुसला नाही.
मी विचारलं, हेच का?
“आमचं नाही,” म्हणाली, “पण शेजारचं आहे.”
यांगझोमबाई आतून ओरडल्या,
आमचंबी कुठं राहिलं बाप्पा,
याक का इटियाडोहात पोहते?
कोंबडीच टाकतो.
पैसे मोजून घेतले, वरचे दहा मोजून परत केले.

परतताना बाजार लागला.
वहिनीनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. थांब.
पोत्यावर बसलेली एक बाई,
तिच्यापुढं टोपलीत वास्ते,
बांबूचे कोवळे कोंब, सोललेले, अजून ओले.
वहिनीनं एक नाकाशी नेला.
मग जे बोलली ते तिच्या भाषेत,
मला त्यातला एकच शब्द लागला, सोइबुम, तोही अर्धा.
विकणारीला काय कळलं कोण जाणे,
तिनं मापावर एक मूठ वाढवली.

घरी मायनं पिशवीत डोकावलं.
“वास्ते? हे तं मी कवाचे रांधतो.
तू निजली का खातो.
पोटुशीले चालत नाही म्हणून लपवून.”
दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या,
मी शेगडीकडं.

मग वहिनीनं ते चिरून बरणीत कोंबले,
तोंड बांधलं, आठ दिवस हात लावू दिला नाही.
नवव्या दिवशी शेजारच्या द्रौपदाबाईंनी कुंपणावरून विचारलं,
तुमच्याकडं काही मेलं का?
वहिनी पातेल्यात सुका झिंगा टाकत होती,
मिरची टाकत होती, गुणगुणत होती.
झाकण सापडेना तेव्हा
मायनं तेच सूप पातेल्यावर उपडं घातलं.

पहिली वाटी मायला.
तिनं फुंकर घातली, प्याली,
डोळे बारीक केले, पदर नाकाशी नेता नेता थांबवला.
“चांगलं आहे,” म्हणाली,
अगदी त्याच आवाजात,
जणू बसस्टँडवरच्या चारांतल्या एका खुर्चीवर बसून.

वहिनीनं तिला आणखी वाढलं.