खिडकीसह

पाथर्डी फाट्याच्या दवाखान्यात, चौथ्या मजल्यावर
दोनच खोल्या शिल्लक होत्या.
एक तीन हजारांची, दोन खाटांची,
मधे हिरवा पडदा, पलीकडे कुणाचा तरी खोकला.
दुसरी सहा हजारांची,
खिडकीसह.

मंदाकिनी म्हणाली, कुठलीही चालेल.
तिला कुठलीही चालते
हे मला एकतीस वर्षं माहीत आहे,
म्हणूनच मी खिडकी म्हणालो.

सिडकोतल्या आमच्या घराची खिडकी उघडली
की गांगुर्ड्यांचा कुकर दिसतो.
पित्ताशयात खडे घेऊन दोन महिने
हिनं त्याच्या शिट्ट्या मोजल्या.
म्हटलं, चार दिवस पांडवलेणीचा डोंगर बघू दे.

काउंटरवरच्या बोरस्ते मॅडमनी पेन थांबवलं.
काका, पॉलिसी तीन लाखांची,
खोलीला रोज एक टक्का, आणि त्याच्या पुढं…
मी म्हणालो, कळतं मला.
अंबडला टूलरूममध्ये जन्म गेला,
मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर वाचतो मी,
एक टक्का कळणार नाही?
वरचे तीन हजार माझे. चार दिवसांचे बारा.
ओव्हरटाइमचे पडलेत.
मागं रांग होती. मॅडमनी सही घेतली.

खडे सात निघाले.
प्लास्टिकच्या डबीत घालून दिले, हरभऱ्याएवढे.

मग बिल.
खोली चोवीस हजार, मंजूर बारा. हे ठाऊक होतं.
सर्जन चाळीस, मंजूर वीस.
थिएटर अठरा, मंजूर नऊ.
भूल देणारे डॉक्टर बारा, मंजूर सहा.
राउंडचे आठ, मंजूर चार.
औषधं तेवढी अख्खी, बावीसच्या बावीस.
गोळीला खोली नसते.
मी बारा हजार खिशात घेऊन उभा,
कागद मागत होता एक्कावन्न.

बोरस्ते मॅडमनी त्या दिवशीचं वाक्य आज पुरं केलं:
खोली दुप्पट घेतली, काका,
म्हणून बाकीचंही निम्मं.

सर्जनचे हात तेच ना, मी विचारलं.
थिएटरला तर खिडकीच नव्हती.
भूल काय निम्मी दिली?
सातातले साडेतीन खडे मग कुणाचे?

त्या हसल्या नाहीत. पान एकोणीस काढून दिलं.
मी चष्मा वर सारून कागद डोळ्यांजवळ धरला.
वाक्य स्वच्छ होतं.
कुठं खाच नाही, कुठं कूस नाही,
ज्यानं घडवलं तो कारागीर होता.
हेच पान एजंट पिंगळ्यांनी मला दिलं होतं,
नव्या वर्षाच्या कॅलेंडरात गुंडाळून.
कॅलेंडर मी लावलं.

आणि खरी शरमेची गोष्ट वेगळीच.
नव्या पोरांना पहिल्या दिवशी मीच सांगतो:
ड्रॉइंगवर आधी डेटम बघ.
सगळी मापं तिथून निघतात,
तो सरकला की
पलीकडच्या टोकाचं भोकसुद्धा सरकतं.
खोली हा डेटम होता.
मी तिला नुसतं एक माप समजलो.

पतपेढीतून एकोणचाळीस उचलले.
मंदाकिनीला अजून बोललो नाही.

डोंगर म्हणाल तर
हॉटेलच्या पाटीआडून अर्धाच दिसायचा.
तेवढं मात्र प्रमाणात झालं.

काल गांगुर्डे वहिनी भेटायला आल्या,
कुकर गॅसवर ठेवूनच.
मी आत भाजी निवडत होतो.
ही उशीला टेकून सांगत होती,
पहाटे ना, अंधारात,
फिरायला येणारी माणसं पायऱ्या चढतात वर,
माणसं दिसत नाहीत, नुसत्या बॅटऱ्या हलतात.
मी मोजत पडायचे.
शेवटच्या दिवशी सतरा होत्या, वहिनी.
टाके दुखत होते तरी मोजल्या.

पलीकडं दुसरी शिट्टी झाली.
मेथीची काडी हातात तशीच धरून
मी मनात भागाकार केला.
एक्कावन्न हजार भागिले सतरा.
बॅटरीमागं तीन हजार, बाकी शून्य.

बसतंय की मर्यादेत.